न दिसणाऱ्या जागेचा नकाशा

एमआरआय यंत्राच्या अरुंद बोगद्यातून खाट हळूहळू बाहेर सरकते. तिच्यावर उताण्या पडलेल्या माणसाचे केस मुळापासून काढलेले असतात, कवटीला चार खिळ्यांनी एक चौकट जखडलेली असते आणि थंड पाण्याने भरलेल्या शिरस्त्राणासारखे एक अर्धगोल यंत्र त्याच्या डोक्यावर बसवलेले असते. अशा अवघडलेल्या अवस्थेत डॉक्टर त्याच्या हाती पेन देतात, समोर कागद लावलेली फळी धरतात आणि मध्यबिंदूपासून आरंभ करून चकलीसारखे बाहेर बाहेर वाढत जाणारे वेटोळे काढावयास सांगतात. उपचारास प्रारंभ होण्यापूर्वी त्याने काढलेले वेटोळे करवतीच्या दात्यांनी भरलेले होते. आता काढलेल्या वेटोळ्यात ते दाते बोथट झालेले दिसतात. आणि ह्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या कागदावर, सारे यथास्थित जमून आले तर, एक अखंड, गुळगुळीत रेषा उमटते. मधल्या वेळात कवटी उघडलेली नसते, की तिला भोक पाडलेले नसते. मेंदूच्या गाभ्यातील, वाटाण्याहूनही लहान अशा एका जागेचे तापमान ध्वनिलहरींच्या साहाय्याने काही सेकंदांपुरते वाढवले गेले, एवढेच घडलेले असते.

ती जागा नेमकी कोठे आहे हे डॉक्टरांना कसे कळले, हा ह्या प्रकरणाचा विषय आहे. आणि तो थोडा विस्ताराने मांडावासा वाटण्याचे कारण असे की, ज्या एमआरआय यंत्राच्या पोटात हा सारा उपचार चालतो, त्याच यंत्राने घेतलेल्या नेहमीच्या प्रतिमेत ती जागा वेगळी म्हणून दिसतच नाही.

प्रथम कंपाविषयी. आपल्याकडे हात कापू लागला की घरातील माणसे एक तर ‘वय झाले’ म्हणून तो विषय मिटवतात, नाही तर ‘कंपवात’ हा शब्द उच्चारून भयभीत होतात. वस्तुतः कापणारा प्रत्येक हात कंपवाताचा नसतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्यांनी १८१७ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ज्याला आज त्यांचेच नाव आहे, त्या विकारातील कंप हा बहुधा हात स्वस्थ मांडीवर पडलेला असताना, सेकंदाला चार ते सहा आवर्तनांच्या संथ लयीत चालतो, आणि हात कामाला लागला की पुष्कळदा ओसरतो. ह्याच्या नेमका उलट असा दुसरा एक कंप आहे, ज्याला वैद्यकात ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या मुळाशी दुसरा कोणताही रोग सापडत नाही असा स्वयंभू कंप. तो अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत येतो, आणि हात स्वस्थ असताना लपून राहून, कपबशी ओठांशी नेताना, सुईत दोरा ओवताना, बँकेच्या खिडकीसमोर सही करताना, म्हणजे नेमका ज्या क्षणी हाताची गरज असते त्या क्षणी, प्रकट होतो. जन्मभर कचेरीच्या दप्तरात वळणदार अक्षर लिहून मान मिळवलेल्या एखाद्या निवृत्त कारकुनास निवृत्तिवेतनाच्या कागदावरील स्वतःचीच सही जुळत नाही म्हणून परत यावे लागते, तेव्हा त्याला होणारे दुःख हे केवळ स्नायूंचे दुःख नसते. चारचौघांत चहा घेणे टाळू लागलेली, लग्नकार्याच्या पंगतीत जाणे सोडून दिलेली अशी कितीतरी माणसे आपल्या आसपास असतात, आणि ह्या विकाराने जीव जात नाही ह्या सबबीवर त्याला किरकोळ ठरवणे हा मला त्यांच्यावरील अन्याय वाटतो. प्रोप्रॅनोलॉल व प्रिमिडोन ही दोन औषधे पुष्कळांना उपयोगी पडतात. ज्यांना ती पडत नाहीत, किंवा मानवत नाहीत, त्यांच्यासाठी पुढची कथा आहे.

हाताला हालचालीचा हुकूम देणारा मोठ्या मेंदूचा पृष्ठभाग आणि त्या हालचालीला वेळ व माप लावून देणारा, डोक्याच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू, ह्या दोहोंमध्ये अखंड पत्रव्यवहार चालू असतो. लहान मेंदूच्या पोटातील एका दातेरी केंद्रातून निघालेले तंतू मध्यमेंदूत येऊन बहुतांशी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस ओलांडतात, तांबूस केंद्राजवळून वर चढतात आणि थॅलॅमस नावाच्या, मेंदूच्या मधोमध डाव्या-उजव्या अंगास बसलेल्या अंडाकृती पिंडात येऊन थांबतात; तेथून नवे तंतू मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातात. थॅलॅमस हे जणू तालुक्याचे ठाणे होय: बाहेरून येणारे बहुतेक सारे टपाल तेथे उतरते, आणि प्रत्येक खात्याची खोली वेगळी असते. लहान मेंदूकडून येणारे टपाल ज्या खोलीत उतरते तिचे लॅटिन नाव व्हेन्ट्रॅलिस इंटरमीडियस. तिचे विभाग पाडून तिला हे नाव देण्याचे श्रेय जर्मन शास्त्रज्ञ रोल्फ हास्लर ह्यांचे. आणि शस्त्रक्रियेच्या दालनात तिला आद्याक्षरांवरून नुसते ‘व्हिम’ म्हणतात. ह्या दळणवळणाच्या वर्तुळात मज्जापेशींचे जथे एका तालात सापडले की तो ताल हातात कंप म्हणून उतरतो. आणि व्हिमच्या जागी हे वर्तुळ तोडले, की कंप थांबतो.

परंतु ही खोली काही मिलिमीटरांची, आणि तिचा शेजार अत्यंत नाजूक आहे. तिच्या मागे, एका भिंतीपलीकडे, स्पर्शाचे टपाल घेणारी खोली आहे. तिकडे घाव सरकला तर ओठ आणि बोटे बधिर होतात, मुंग्या येतात. बाहेरच्या अंगास इंटर्नल कॅप्सूल म्हणून ओळखला जाणारा तंतूंचा राजमार्ग आहे, ज्यातून हालचालीचे हुकूम खाली उतरतात. तिकडे घाव गेला तर हातपाय लुळे पडतात, जीभ जड होते. खाली फार उतरले तर चालताना तोल जातो. दोन मिलिमीटर म्हणजे एका तांदळाची रुंदी. तेवढ्या अंतराने बरे होणे आणि अपंग होणे ह्यांतील हद्द आखली जाते. म्हणून ह्या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास हा हाताच्या कौशल्यापेक्षा मोजणीच्या कौशल्याचा इतिहास आहे.

ह्या जागेचे महत्त्व कळण्यापूर्वी शल्यवैद्यांनी जे उपाय केले ते आज वाचताना अंगावर काटा येतो. १९३० ते १९४० च्या दशकात अमेरिकेतील पॉल ब्यूसी ह्यांनी हालचालीचे नियंत्रण करणारा मेंदूचा पृष्ठभागच काढून टाकला. कंप गेला, आणि त्याच्याबरोबर हाताचे बळही गेले. तरीही रुग्ण तयार होत असत, ह्यावरून त्या कंपाने त्यांना किती गांजले असेल ह्याची कल्पना यावी. त्यानंतर १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग कूपर हे एका कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूदेठातील तंतू छेदण्याच्या तयारीत असताना एक लहानशी रक्तवाहिनी त्यांच्याकडून फाटली. ती बांधून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही आणि शस्त्रक्रिया अर्धवट सोडून द्यावी लागली. रुग्ण शुद्धीवर आला तो कंप आणि ताठरपणा दोन्ही जाऊन, आणि हातापायांतील शक्ती मात्र शाबूत राहून. त्या वाहिनीच्या रक्तावर पोसला जाणारा आतला मुलूख हे कंपाचे ठाणे असले पाहिजे, असा ह्या अपघाताचा अर्थ होता. कूपर ह्यांनी पुढे ती वाहिनी मुद्दाम बांधण्याचा प्रयोग अनेकांवर केला. परंतु ती कोणाच्या मेंदूत कोठवर पोहोचते ह्याचा एक नियम नसल्यामुळे परिणामांचाही नियम राहिला नाही. अंधारात एकदा हाती लागलेली वस्तू पुन्हा त्याच जागी सापडेल अशी तजवीज करावयाची तर दिवा हवा होता.

तो दिवा मोठ्या आडमार्गाने आला. व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क ह्यांनी १९०८ साली लंडनमध्ये प्राण्यांच्या मेंदूतील कोणत्याही बिंदूवर सुई नेण्यासाठी एक चौकट तयार केली होती. भूमितीतल्याप्रमाणे लांबी, रुंदी आणि खोली ही तीन अंतरे सांगितली की बिंदू मुक्रर होतो, एवढेच तिचे तत्त्व. प्राण्यांच्या बाबतीत कवटीवरच्या खुणा आणि आतला मेंदू ह्यांचे नाते बरेचसे ठरलेले असते. माणसाच्या बाबतीत ते तसे नसते, आणि म्हणून ही चौकट माणसापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ चार दशके गेली. १९४७ साली फिलाडेल्फिया येथे, व्हिएन्नाहून आलेले अर्न्स्ट स्पीगेल आणि त्यांचे शल्यविशारद सहकारी हेन्री वायसिस ह्यांनी प्लॅस्टरच्या टोपीवर बसवलेली चौकट माणसावर वापरली. आणि त्यांची खरी युक्ती अशी की, त्यांनी मोजणीचे खुंट कवटीवर न ठोकता मेंदूच्या आतच शोधले. क्ष-किरणांना मेंदू दिसत नाही हे खरे. परंतु वॉल्टर डँडी ह्यांनी १९१८-१९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, मेंदूतील पोकळ्यांमधला द्रव काढून तेथे हवा भरली तर त्या पोकळ्यांची आकृती क्ष-किरणचित्रात उमटते. रुग्णाला ह्या हवेने असह्य डोकेदुखी आणि वांत्या होत, तरीही पुढील कितीतरी वर्षे मेंदूच्या आतले दर्शन घडवणारे ह्याहून बरे साधन नव्हते.

ह्या पोकळ्यांपैकी मेंदूच्या मधोमध असलेल्या पोकळीच्या दोन टोकांशी, समोर एक आणि मागे एक, असे तंतूंचे दोन आडवे जोडबंध आहेत, ज्यांना अग्रसंयोजिका आणि पश्चसंयोजिका म्हणतात. पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयातील झाँ तालेराक ह्यांनी ह्या दोहोंना जोडणारी रेषा ही मेंदूच्या साऱ्या मोजणीची आधाररेषा म्हणून रूढ केली, आणि ती आजतागायत तशीच चालत आली आहे. ही रेषा सुमारे २५ मिलिमीटर लांब असते. तिच्या लांबीचा चौथा हिस्सा पश्चसंयोजिकेपासून पुढे मोजावा, तेथून काटकोनात बाजूला सुमारे १४ मिलिमीटर जावे, आणि वयोमानाने मधली पोकळी रुंदावली असेल तर त्याऐवजी तिच्या भिंतीपासून ११ मिलिमीटर धरावे, की व्हिमचा तळ आला, असा शिरस्ता पडला. हे आकडे आले ते मृत माणसांच्या मेंदूचे पातळ काप काढून, ते रंगवून, त्यांवरील पेशींचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून तयार केलेल्या नकाशासंग्रहांतून. त्यांपैकी गेओर्ग शाल्टेनब्रांड आणि पर्सिव्हल बेली ह्यांचा १९५९ सालचा आणि त्यावरून पुढे १९७७ साली तयार झालेला संग्रह जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोहोचला.

ह्या संग्रहांमागील परिश्रमांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्यांच्यावर विसंबून केलेल्या कामात एक मूलभूत अडचण होती, आणि ती खेड्यापाड्यांतील जमिनीचा मामला ठाऊक असलेल्या कोणासही पटकन उमगेल. एका गावच्या शिवाराची काटेकोर मोजणी करून तयार केलेला नकाशा दुसऱ्याच गावच्या शिवारावर पसरावा, वेस आणि देऊळ ह्या दोन खुणा जुळवून घ्याव्यात, आणि मग तेथले बांधही नकाशात दाखवल्याप्रमाणेच असतील असे धरून नांगर घालावा, तसा हा प्रकार होता. बांध बहुधा त्याच सुमारास सापडत. परंतु ‘त्याच सुमारास’ हे शब्द जेथे दोन मिलिमीटरांचा प्रश्न आहे तेथे पुरेसे नाहीत. शिवाय त्या नकाशातील उभे आणि आडवे काप हे एकाच मेंदूचे नसून वेगवेगळ्या मेंदूंचे होते, त्यामुळे एकाच बिंदूची जागा दोन पानांवर किंचित वेगळी यावी हेही ओघानेच आले.

ही तूट भरून काढण्यासाठी शल्यविशारदांनी कानाचा आणि रुग्णाच्या साक्षीचा आधार घेतला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. कवटीची त्वचा बधिर केली की रुग्ण जागा राहू शकतो, बोलू शकतो, हात उचलून दाखवू शकतो. पॅरिसमध्ये जेरार गियो आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिझ आल्ब-फेसार ह्यांनी १९६० च्या दशकात केसाहून बारीक विद्युदग्र थॅलॅमसमध्ये उतरवून तेथील पेशींचे स्पंद ऐकण्यास आरंभ केला: विद्युदग्र योग्य खोलीत शिरले की हाताच्या कंपाच्या तालावरच पेशींचे तडतडणे ऐकू येई, आणि आणखी मागे गेले की बोटाला स्पर्श करताच आवाज उठे, ह्यावरून भिंत कोठे आहे ते कळे. आपल्या देशातही त्याच दशकात मद्रासला बी. राममूर्ती, व्ही. बालसुब्रमण्यम, एस. कल्याणरामन आणि टी. एस. कनका ह्यांनी ह्या चौकटीच्या शस्त्रक्रियेचा भक्कम पाया घातला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे औषध आले आणि कंपवाताच्या शस्त्रक्रिया झपाट्याने मागे पडल्या. इसेन्शियल ट्रेमरच्या रुग्णांना मात्र त्या औषधाचा काही उपयोग नव्हता.

१९८७ साली ग्रनोबल येथील आलीम-लुई बेनाबिद ह्यांनी ह्या क्षेत्राला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. घाव घालण्यापूर्वी जागेची खातरजमा म्हणून तेथे मंद वीजप्रवाह सोडून पाहण्याचा प्रघात होताच. बेनाबिद ह्यांच्या ध्यानात आले की, ह्या प्रवाहाची आवर्तने सेकंदाला शंभराच्या घरात नेली की कंप तत्काळ थांबतो आणि प्रवाह बंद करताच परत येतो. मग घाव घालावाच कशाला? विद्युदग्र तेथेच ठेवून, छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या बॅटरीने तो प्रवाह कायम चालू ठेवता येईल, हा त्यांचा विचार आज ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ह्या नावाने सर्वमान्य झाला आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे चूक झाली तर ती सुधारता येते. तथापि विद्युदग्र दोन मिलिमीटरांनी चुकीच्या जागी बसले तर प्रवाह कितीही कमीजास्त केला तरी मनाजोगता परिणाम साधत नाही. म्हणजे जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

एव्हाना क्ष-किरणांच्या आणि हवेच्या जोडीने काम चालवण्याचे दिवस सरत आले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखवला, आणि पॉल लॉटरबर ह्यांच्या १९७३ च्या शोधनिबंधापासून व पीटर मॅन्सफील्ड ह्यांच्या कार्यातून वाढत गेलेल्या एमआरआयने मेंदूचा करडा आणि पांढरा भाग एकमेकांपासून वेगळा करून दाखवला. दोन्ही संयोजिका आता हवा न भरता, रुग्णाला यत्किंचितही क्लेश न देता, प्रत्यक्ष दिसू लागल्या. कल्पना अशी होती की, आता व्हिमही दिसेल.

तसे झाले नाही. एमआरआय पेशी पाहत नाही. ती शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांना चुंबकीय क्षेत्रात रांगेत उभे करते, रेडिओलहरींचा धक्का देऊन त्यांना विचलित करते आणि ते पूर्वस्थितीस येताना जो संदेश देतात त्यावरून प्रतिमा रचते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पन्नास हजार पटींहून अधिक बळ असलेल्या तीन टेस्लांच्या यंत्रातही, शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील पाणी आणि तंतूंवरील स्निग्ध वेष्टन जर जवळजवळ सारखे असेल, तर त्या दोहोंचा करडा रंगही सारखाच येतो. व्हिम आणि तिच्या शेजारणी ह्यांच्यातील फरक हा रंगवलेल्या कापावर, पेशींच्या आकारात आणि दाटीत दिसतो. एमआरआयच्या नेहमीच्या प्रतिमेत थॅलॅमस हा एकसंध करड्या ढगासारखा दिसतो. त्यात भर म्हणजे एमआरआयची प्रतिमा कडेकडेला किंचित वाकते, म्हणून तिचा मेळ न वाकणाऱ्या सीटी प्रतिमेशी घालावा लागतो. आणि कवटीला भोक पाडताच द्रव गळून हवा आत शिरते व मेंदू जागचा हलतो, म्हणून काल घेतलेली प्रतिमा आज तंतोतंत खरी राहत नाही. काही केंद्रांतील शल्यविशारद ह्यामुळेच विद्युदग्र बसवण्याचे काम एमआरआय यंत्राच्या आतच, टप्प्याटप्प्याने नवी प्रतिमा घेत, करू लागले.

ह्या करड्या ढगात वाट काढण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला सरळ: प्रतिमा घेण्याची वेळ अशा बेताने ठरवावयाची की पांढऱ्या भागाचा संदेश पूर्णपणे दबून जावा, मग थॅलॅमसमधील तंतूंच्या विरळ-दाट वाटणीमुळे खोल्यांच्या भिंती फिकट का होईना उमटतात. दुसरा मार्ग मला अधिक मनोवेधक वाटतो, कारण तो खोलीचा शोध सोडून तिच्याकडे येणाऱ्या वाटेचा माग काढतो.

पाण्याचा कण एका जागी स्थिर राहत नाही. सेकंदाच्या विसाव्या भागात तो मेंदूत दहा-वीस मायक्रॉन इकडेतिकडे भटकतो. मोकळ्या पाण्यात हे भटकणे सर्व दिशांना सारखे. परंतु तंतूंच्या जुडग्यात ते तसे राहत नाही. उंच वाढलेल्या उसाच्या फडात शिरलेल्या माणसाला सरीच्या दिशेने चालणे सोपे, आडवे जाणे दुरापास्त; आणि अशी माणसे कोणीकडे अधिक सरकली एवढेच वरून मोजता आले, तरी सऱ्या कोणत्या दिशेने पाडल्या आहेत हे फडात न शिरताही सांगता येईल. एमआरआयच्या साहाय्याने जिवंत मेंदूतील पाण्याचे हे भटकणे मोजण्याची पद्धत फ्रान्समधील डेनी ल बिहाँ ह्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास विकसित केली; १९९४ साली पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणच्या भटकण्याची दिशा गणिताने मांडण्याची रीत दिली; आणि त्या दिशा एकापुढे एक जोडत गेल्यास तंतूंचा संपूर्ण मार्ग संगणकावर रेखाटता येतो हे त्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. दातेरी केंद्रापासून निघून, तांबूस केंद्राजवळून, थॅलॅमसकडे जाणारी ती वाट आता त्या विशिष्ट रुग्णाच्या, त्या विशिष्ट डोक्यात काढून पाहता येऊ लागली. २०११ साली जर्मनीतील फोल्कर कोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या वाटेलाच लक्ष्य मानून विद्युदग्र बसवलेल्या एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी ह्या पद्धतीचा अवलंब होऊ लागला. परक्या गावचा नकाशा बाजूला ठेवून त्याच शिवाराची मोजणी करण्याची सोय प्रथमच झाली.

तथापि ह्या रंगीत रेषांच्या मोहक चित्राला अंतिम दस्तऐवज मानणे धोक्याचे आहे. एमआरआयचा एकेक ठोकळा दोनेक मिलिमीटरांचा असतो, त्यात हजारो तंतू मावतात, आणि त्यांतील काही उभे, काही आडवे असले की संगणकाला मिळते ती त्यांची सरासरी दिशा. मध्यमेंदूत जेथे डावे-उजवे तंतू एकमेकांना ओलांडतात, नेमक्या त्या चौकात संगणक वाट चुकून त्याच बाजूने वर निघून जातो, हा दोष सर्वांच्या परिचयाचा आहे. कोठून आरंभ करावयाचा, किती वळण मान्य करावयाचे, हेही माणसानेच ठरवलेले असते. दोघांनी वेगळे ठरवले तर एकाच मेंदूत वाट मिलिमीटरभर वेगळी निघू शकते. म्हणून जाणते लोक तिचा वापर इतर पुराव्यांच्या जोडीने करतात: संयोजिकांची रेषा एक सांगते, थॅलॅमसची प्रतिमा दुसरे, हालचालीचा राजमार्ग आणि स्पर्शाची वाट ह्या दोहोंच्या रेषा काढल्या की कोणीकडे जाऊ नये हे कळते, आणि ह्या साऱ्या साक्षी जेथे एकमेकींशी जुळतात तेथे बोट ठेवले जाते.

ह्यानंतर उरतो तो आरंभी वर्णिलेला, सुरीविना होणारा उपचार. ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून मेंदूत घाव घालता येतो हे १९५० च्या दशकात अमेरिकेत विल्यम फ्राय आणि रसेल मायर्स ह्यांनी दाखवले होते, परंतु त्यासाठी त्यांना कवटीचा तुकडा काढावा लागे. कारण हाड ध्वनी शोषून घेते आणि त्याची जाडी जागोजागी वेगळी असल्यामुळे लहरी वाटेतच विस्कळीत होतात. पुढे बॉस्टनमध्ये फेरेंत्स योलेस आणि कुलेर्वो ह्यूनिनेन ह्यांच्या प्रयत्नांतून जो तोडगा निघाला त्यातही प्रतिमाच मदतीला आली: सीटीवरून कवटीची जाडी आणि घनता बिंदूबिंदूस मोजावयाची, आणि शिरस्त्राणातील १,०२४ ध्वनिस्रोतांपैकी प्रत्येकाला त्याच्या वाटेवरील हाडाप्रमाणे किती मागेपुढे सुरू करावयाचे ते ठरवून द्यावयाचे, म्हणजे साऱ्या लहरी एकाच क्षणी एकाच ठिकाणी पोहोचतात. ज्यांच्या कवटीचे हाड ह्या कामास अनुकूल नसते त्यांना हा उपचार देता येत नाही, आणि तेही सीटी अगोदरच सांगून टाकते.

येथे एमआरआयच्या अंगी असलेला आणखी एक गुण कामी येतो, आणि माझ्या मते साऱ्या कथेतील हा सर्वांत सुंदर भाग आहे. तापमान एक अंशाने वाढले की पाण्यातील हायड्रोजनची आवर्तने दशलक्षांश भागाच्या शतांशाइतकी, म्हणजे अतिसूक्ष्म प्रमाणात, पण न चुकता, बदलतात. तेवढा बदल टिपून यंत्र दर काही सेकंदांनी मेंदूच्या आतल्या तापमानाचे चित्र पडद्यावर मांडते. त्यामुळे डॉक्टरांना प्रथम ४५ ते ५० अंशांपर्यंतच जाऊन थांबता येते. इतक्या उष्णतेने पेशी मरत नाहीत, काही काळ मूक होतात. त्या मूक अवधीत खाट बाहेर येते, वेटोळे काढून घेतले जाते, ओठाला मुंग्या येतात का, जीभ जड वाटते का, हात उचलता येतो का, अशी विचारपूस होते. मुंग्या आल्या म्हणजे बिंदू मागे गेला आहे. तो मिलिमीटरभर पुढे घ्यावयाचा. अशक्तपणा वाटला तर आत घ्यावयाचा. कंप थांबला आणि दुसरी कोणतीही तक्रार नसली, तरच तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत नेऊन कायमचा घाव घातला जातो. कूपर ह्यांना जे अपघाताने, परिणाम झाल्यावर कळले, ते येथे परिणाम होण्यापूर्वी विचारून घेता येते.

२०१६ साली आठ केंद्रांतील ७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ५६ जणांना खरा उपचार आणि २० जणांना तसाच दिसणारा लटका उपचार देण्यात आला होता. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात हाताच्या कंपाचे गुणांकन १८.१ वरून ९.६ वर उतरले, आणि लटक्या गटात ते १६ च्या आसपासच राहिले. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने एका बाजूच्या उपचारास मान्यता दिली. परंतु त्याच अहवालातील दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे: उपचार झालेल्यांपैकी ३८ टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या आणि ३६ टक्क्यांना चालण्यातील अडथळा जाणवला, आणि वर्षअखेर अनुक्रमे १४ व ९ टक्क्यांत ते शिल्लक होते. हे आकडे त्याच दोन-तीन मिलिमीटरांचे, शेजारच्या खोल्यांचे आहेत. जाहिरातीत ‘विनाशस्त्र’ हा शब्द ठळक छापला जातो, त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की ह्यात धोका नाही. घाव हा घावच असतो, आणि विद्युदग्राप्रमाणे तो काढून घेता येत नाही, हे रुग्णाच्या कुटुंबीयांना बसवून, सावकाश समजावून सांगणे हा डॉक्टरांच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.

उपचाराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एमआरआय काढतात. त्या प्रतिमेत मात्र, थॅलॅमसच्या करड्या ढगात, पाच-सहा मिलिमीटरांचे एक लहानसे वर्तुळ आणि त्याभोवती सुजेचे फिकट कडे स्पष्ट दिसते. आयुष्यात प्रथमच त्या माणसाच्या मेंदूतील ती जागा डोळ्यांना दिसण्याजोगी झालेली असते. आठवड्यांमागून आठवडे जातात तशी सूज ओसरते, कडे विरते, वर्तुळ आक्रसत जाते. वर्षभराने तपासणीस आलेला रुग्ण कागदावर वेटोळे काढतो, भरलेला पेला उचलून दाखवतो, आणि पलीकडच्या खोलीत त्याची नवी प्रतिमा पाहत बसलेले डॉक्टर तो ठिपका शोधत असतात.